पाच पाहुणे आणि हिरवं पाणी

नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं.

मी नळी हलवली, ट्यूबलाइटखाली धरली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. हिरवंच. टेस्ट किट जुनं झालं असेल म्हणून कपाटातून नवं काढलं. टाकीतलं थोडं पाणी घेतलं, मोजून थेंब घातले आणि पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. पुन्हा हिरवं. या वेळी जरा जास्तच.

"नंदा, ऑल गुड?" डेलनं दारातून विचारलं. डेल माझा बॉस.

"ऑल गुड," मी म्हणाले आणि नळी पाठीमागे लपवली. चांगली शिकलीसवरलेली बाई मी, पण हात आपोआप मागे गेला.

हे हिरव्या-पिवळ्याचं प्रकरण आधी सांगते. मी केमिकल इंजिनियर, शिक्षण नागपूरचं. नव्वदच्या दशकात शिकागोजवळच्या एका म्युझियममध्ये मी वॉटर क्वालिटीचं काम करायची. राहायला शॉमबर्गला. म्युझियममध्ये जिवंत जलचरांच्या टाक्या होत्या. लोक काचेच्या पुढून मासे बघतात, 'हाऊ क्यूट' म्हणतात आणि गिफ्ट शॉपमध्ये जातात. काचेच्या मागे एक पंप रूम असते. तिथे पंप, फिल्टर, पाणी गार ठेवणारा चिलर आणि मी, असे आम्ही घरघर करत असायचो.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाच खास पाहुणे आले होते. स्लोव्हेनियाहून. हा देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झालेला, नकाशावर बोटाखाली झाकला जाईल एवढा. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांच्या पोटात गुहा आहेत, गुहांतून नद्या वाहतात, आणि त्या काळ्याकुट्ट पाण्यात ओल्म नावाचा प्राणी राहतो. वीतभर लांब, गुलाबीसर पांढरा, चार काड्यांसारखे पाय, मानेशी लाल कल्ल्यांचे तुरे. डोळे नाहीत म्हटलं तरी चालेल. अंधारात करायचेत काय? तिकडचे लोक त्याला 'माणूसमासा' म्हणतात, कारण कातडीचा रंग माणसासारखा.

"माणसासारखा काहून?" माझे सासरे म्हणाले होते. "गोऱ्या माणसासारखा म्हण."

या ओल्मची संख्या कमी होत चालली होती. वर शेतातलं खत, कारखान्यांचं सांडपाणी, कचरा. चुनखडी चाळणीसारखी, त्यामुळे वर सांडलेलं सगळं खाली यांच्या घरात. त्या देशानं जगाला हे कळावं म्हणून पाच ओल्म सहा महिन्यांसाठी आम्हाला पाठवले. करारात एक कलम होतं. पाचांतला एक जरी दगावला, तर उरलेले चार लगेच परत. डेलनं त्याचा अर्थ मला समजावून सांगितला होता, "एक गेला तर ते चार जातील. मग मी जाईन. माझ्या आधी तू जाशील."

मी तेव्हा एच-वन व्हिसावर होते. म्हणजे नोकरी गेली की बॅगा भरा. नवरा, सुधीर, पीएचडी करत होता आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. पण खरं सांगते, व्हिसाची काळजी नंतर आली. नळी हिरवी झाल्यावर पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती पाचांतली सगळ्यात लहान. आमच्या बाबांनी तिचं नाव धाकटी ठेवलं होतं. ती नर की मादी हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण धाकटी म्हटल्यावर धाकटी.

बाबा म्हणजे सासरे. वर्ध्याच्या शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. सासूबाई येऊ शकल्या नव्हत्या, धाकट्या नणंदेचं बाळंतपण होतं. शॉमबर्गात माणूस गाडीशिवाय पांगळा. बाबा पंधरा दिवस अपार्टमेंटच्या बाल्कनीत बसून पार्किंग लॉट बघत राहिले. सोळाव्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, त्या निळ्या गाडीवाल्याची नोकरी गेली वाटते. चार दिवस झाले, गाडी हलूनच नाही राहिली." तेव्हा मी घाबरले आणि त्यांना म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून घेऊन गेले.

डेलला बाबा भलतेच आवडले. ओल्मच्या खोलीत अंधार ठेवावा लागे, गारवा ठेवावा लागे आणि शांतता ठेवावी लागे. बाहेर जुलैचा भाजणारा उन्हाळा आणि आत बाबा स्वेटर, माकडटोपी घालून खुर्चीवर. तीस वर्षं मैदानावर मुलांना ओरडून सरळ केलेला माणूस. "नो फ्लॅश! नो टकटक!" एवढं म्हटलं की अमेरिकन मुलंसुद्धा रांगेत उभी राहायची. त्यांच्या आईबाप मंडळींनाही आपण रांगेत उभे आहोत हे जरा उशिरा कळायचं.

हां, तर हिरवं पाणी. हिरवं म्हणजे अमोनिया. प्राण्यांची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजलं की पाण्यात अमोनिया होतो. फिल्टरमध्ये बॅक्टेरिया असतात, ते त्याचा निकाल लावतात. हे बॅक्टेरिया म्हणजे विरजण समजा. नव्या टाकीत ते लागायला वेळ लागतो. आणि थंडीत दही लागत नाही हे आपल्या बायकांना सांगायला नको. ओल्मचं पाणी तर बारा महिने थंड. म्हणून त्यांना खायला अगदी मोजून द्यायचं, दहा दिवसांतून एकदा, चिमूटभर जिवंत काळ्या अळ्या. तसा तक्ता फ्रिजवर लावलेला होता. पाण्यात अमोनिया शून्य हवा. आमच्याकडे तो शून्य नव्हता.

मी लगेच वॉटर चेंज केला. म्हणजे टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि तितकंच ताजं पाणी, क्लोरीन काढून, गार करून हळूहळू आत सोडायचं. संध्याकाळी पाणी फिकं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्याच्या जवळ आलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, सँडविच खाल्लं. दुपारी तीनला पुन्हा टेस्ट केली.

हिरवं.

आता मात्र मी डेलला सांगितलं. तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला.

"शुक्रवारी मा‍या येतेय," तो म्हणाला.

"या शुक्रवारी?"

"पुढच्या. नऊ दिवस आहेत."

माया ही त्यांची बायॉलॉजिस्ट. पाचही ओल्म तिच्या हातचे. ते विमानानं आले तेव्हा ती बर्फाच्या पेट्यांशेजारी कार्गो शेडमध्ये उभी होती, बॅगेज बेल्टवर तिची स्वतःची बॅग फिरत राहिली होती. ती आता टाकीची तपासणी करायला येणार होती. नऊ दिवसांत कारण शोधायचं होतं.

अशा वेळी आमच्या धंद्यात एक पद्धत असते. एकेक गोष्ट तपासायची, खोडायची, पुढे जायचं. पंप तपासला. ठीक. चिलर ठीक. फिल्टर उघडला, त्यात साबूदाण्याएवढंही काही अडकलेलं नव्हतं. खडकामागे एखादा ओल्म मरून पडला असेल का? उजेडाचा त्यांना त्रास नको म्हणून मी टॉर्चवर लाल कागद लावून मोजले. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजले. चारच. मग खडकाच्या कपारीतून धाकटी डोकावली. पाच. पण तिच्या कल्ल्यांचे तुरे नेहमीसारखे लालभडक नव्हते. फिकट झाले होते.

मग मला शोध लागला. काचा पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया असतो!

आमच्या मजल्याची सफाई मिस लॉरेटा करायची. साठीची, धिप्पाड, चर्चमध्ये गाणारी कृष्णवर्णीय बाई. सगळे तिला मिस लॉरेटाच म्हणायचे, डेलसुद्धा. मी तशी तोंडाची फटकळ. हातात तिची निळी बाटली घेऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "हे तुम्ही टाकीजवळ वापरता?"

"हनी, मी ते काचेच्या पुढच्या बाजूला वापरते. पाणी मागच्या बाजूला आहे."

"तरीपण. हवेतून जाऊ शकतं."

तिनं बाटली माझ्या हातातून घेतली, ढकलगाडीत ठेवली आणि म्हणाली, "ऑलराइट. आजपासून मी साधं पाणी वापरते. तुझे मासे बरे झाले नाहीत, तर येऊन मला सांग." मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

त्या रात्री जेवताना मी बाबांना विचारलं, "बाबा, टाकीत कोणी काही टाकताना दिसलं का? पोरं चिप्स वगैरे?"

"छे! मी बसलो असताना कोणाची टाप आहे?" ते म्हणाले. मग पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "काहून गं? तब्येत बरी नाही का त्यांची?"

"थोडी नाजूक आहे."

"अरेरे," बाबा म्हणाले. "अशक्तपणा असन."

मी 'असेल' म्हणून भांडी घासायला उठले. माझं हे एक तत्त्व होतं, ऑफिसचं टेन्शन घरी आणायचं नाही. किती महागात पडलं ते पुढे कळेल.

शनिवार, रविवार काचा साध्या पाण्यानं पुसल्या. तरी दुपारी नळी हिरवी, आणि आधीपेक्षा गडद. आता मी दिवसातून चारदा टेस्ट करत होते, सकाळ-संध्याकाळ वॉटर चेंज करत होते आणि सगळं एका वहीत लिहीत होते. सोमवारी म्युझियम बंद असे. मी एकटी गेले. सकाळी टेस्ट, दुपारी टेस्ट, संध्याकाळी टेस्ट. आकडा दिवसभर हलला नाही, उलट थोडा उतरला.

वही पुढ्यात घेऊन बसले. रोज साडेबारानंतर उडी. सोमवारी उडी नाही. म्हणजे हे काम यंत्राचं नव्हतं. यंत्राला सोमवार कळत नाही. रोज साडेबाराला कोणीतरी काहीतरी करत होतं आणि सोमवारी सुट्टी घेत होतं.

मंगळवारी दुपारी मी पंप रूममध्येच दबा धरून बसणार होते. बाराला डेलनं मीटिंगला बोलावलं. मीटिंग कशाची, तर माया येईल तेव्हा कॉफी कुठल्या दुकानातून मागवायची. तिथून सुटून धावत येत होते, तर कॉरिडॉरमध्ये मिस लॉरेटा भेटली.

"मासे बरे आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. "मिस लॉरेटा, तुमची काही चूक नव्हती. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. आय ॲम सॉरी."

"आय नो," ती म्हणाली. "पण एवढे आजारी आहेत तर भूक बरी आहे त्यांची. तुझे फादर-इन-लॉ रोज जेवू घालतात ना."

मी तिथेच थांबले.

"कोण?"

"मिस्टर बाबा. रोज दुपारी मी पंप रूमचा फ्लोअर पुसायला जाते तेव्हा. आधी मासे जेवतात, मग ते आपला डबा उघडतात. हात जोडतात. मला वाटलं, तू त्यांना ते काम दिलंयस." मग जरा थांबून म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही. मला फक्त बाटलीबद्दल विचारलं."

पंप रूमचं दार उघडलं. बाबा टाकीच्या झाकणाशी उभे. माकडटोपी मागे सारलेली, डाव्या हातात अळ्यांचा ट्रे, उजव्या हाताच्या चिमटीत वळवळणारा घास. टेबलावर त्यांचा डबा बंदच होता. आणि बाबा टाकीत वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणत होते, "घे बेटा. एवढा एकच. माझ्यासाठी."

हा आवाज मी ओळखत होते. सगळा वर्धा ओळखतो. कोणाकडेही लग्न असो, जिलेबीचं ताट घेऊन बाबाच फिरणार. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून जिलेबी सोडणार. माझ्या लग्नात माझ्या नागपूरच्या मामांना त्यांनी अशा अकरा जिलेब्या घातल्या होत्या. मामा आजही त्यांना भेटायचं टाळतात.

"बाबा!"

ते दचकले. घास पाण्यात पडला.

"हे काय करताय?"

"काय म्हणजे?" बाबा म्हणाले. "अगं, पाहुणे आहेत ते! सातासमुद्रापलीकडून आले. आठवडा आठवडा कोणी एक घास विचारून नाही राहिलं त्यांना. फ्रिजवर तक्ता लावला, दहा दिवसांतून एकदा! जेल आहे का ही? आणि यांच्यासमोर मी डबा उघडून पोळीभाजी खायची? घशाखाली उतरन का?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, कोणी काही टाकताना दिसलं का!"

"नाही दिसलं कोणी." ते मनापासून म्हणाले. "मी काय 'कोणी' आहे का?"

"आणि ते आजारी आहेत म्हटल्यावर?"

"म्हणून तर दोन चिमट्या वाढवल्या."

मी खाली बसले. जमिनीवरच. मग त्यांना सगळं सांगितलं. अमोनिया, विरजण, थंडी, कुजणाऱ्या अळ्या, नळीचा रंग. हा प्राणी वर्षानुवर्षं काही न खाता राहू शकतो हे सांगितलं. त्याला उपाशी ठेवून काही होत नाही, त्याला जास्त वाढलं की त्याचं पाणी विषारी होतं. आणि धाकटीचे फिके तुरे दाखवले.

बाबांनी ट्रे फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिजचं दार दोनदा दाबून बंद केलं. खुर्चीवर बसले. मैदानावरचा तो भरदार माणूस एकदम लहान दिसायला लागला. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण आता हे डेलला सांगायचं होतं.

न सांगण्याचा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. कारण सापडलं होतं, खाणं बंद झालं होतं, दोन दिवसांत पाणी सुधारलं असतं. फिल्टरवर ढकलून मोकळी झाले असते. पण फिल्टरवर ढकललं, तर फिल्टर बसवणारी कंपनी येणार, तिच्या माणसाला जाब विचारला जाणार. एका निर्दोष माणसावर मी आधीच आळ घेतला होता. दुसरा नको.

डेलच्या केबिनमध्ये गेले.

"कारण सापडलं. ओव्हरफीडिंग."

"कोणी केलं?"

"माझ्या सासऱ्यांनी."

डेलनं चष्मा काढला. "का?"

"ते पाहुणे होते म्हणून."

"कोण पाहुणे?"

"ओल्म."

डेलनं चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाला, "त्यांनी खाल्लं?"

"काही खाल्लं. बाकीचं कुजलं."

"माझ्या हातून त्यांनी एकदाही खाल्लं नव्हतं," डेल जरा दुखावल्यासारखा म्हणाला. मग त्याला आपण बॉस आहोत हे आठवलं. "नंदा, शुक्रवारी माया येईल तेव्हा हे तू स्वतः तिला सांगशील. धाकटी टिकली तर."

"धाकटी नाव तुला कसं माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे," डेल म्हणाला.

पुढचे तीन दिवस मी दर चार तासांनी पाणी बदललं. तळाच्या वाळूत शिरलेल्या अळ्या नळीनं ओढून काढल्या. सुधीर डबे आणून द्यायचा. बाबांना मी घरी बसायला सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी घरी गेले, तर बाबा बाल्कनीत. ताट झाकलेलं.

"जेवला नाहीत?"

"नाही. पाणी पिवळं झालं की जेवीन."

"बाबा, तुम्हाला शुगर आहे!"

"त्यांच्या पोटात माझ्यामुळे विष गेलं. मला घास कसा जाईल?"

माझा तोल सुटला. दिवसभर सांभाळलेलं सगळं बाहेर पडलं. "त्यांना न खाता दहा वर्षं चालतं! तुम्हाला दहा तास चालत नाही! तिकडे पाच जीव सांभाळू की इकडे सहावा? उद्या तुम्हाला चक्कर आली तर मी टाकीजवळ थांबू की हॉस्पिटलमध्ये?" आणि मग मला रडूच कोसळलं. सासऱ्यांसमोर मी त्याआधी कधी रडले नव्हते, ओरडले तर मुळीच नव्हते. बाबा उठले. झाकण काढलं. उभ्याउभ्याच अर्धी पोळी खाल्ली आणि म्हणाले, "खाल्लं बघ. रडू नको, बेटा. जा, पाणी बदल."

बुधवारी पाणी पोपटी. गुरुवारी लिंबाच्या सालीसारखं. शुक्रवारी पहाटे पाचला नळीत थेंब घातले आणि पाच मिनिटं तिच्याकडे बघितलंच नाही. मग बघितलं.

पिवळं. स्वच्छ, हळदीच्या दुधासारखं पिवळं. मी लाल टॉर्च घेऊन टाकीपाशी गेले. पाचही होते. धाकटी कपारीतून अर्धी बाहेर आली होती आणि तिचे तुरे लाल होते. पंप रूमचं दार लावून मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

माया दहाला आली. पस्तिशीची, केस आखूड, पायात डोंगरात चढायचे बूट. तिनं टाकी बघितली, मग माझी वही मागितली. एकेक पान वाचत गेली. दुपारच्या उड्या, सोमवारची सपाट रेघ, मंगळवार, मग उतार. मी सगळं सांगितलं. बाबांनाही बोलावलं होतं, ते कोट घालून आले होते. डेल भिंतीला टेकून उभा होता.

माया बाबांकडे वळली. "किती देत होतात?"

बाबांनी चिमूट दाखवली. मी भाषांतर करायच्या आधीच ते इंग्रजीत म्हणाले, "धिस मच. दे आर गेस्ट. माय मिस्टेक. नॉट हर."

मायानं वहीत त्या चिमटीची नोंद केली. मग म्हणाली, "माझ्या देशात यांचं पाणी असंच बिघडतंय. वर कोणीतरी रोज थोडं थोडं सांडतं. खाली त्यांच्या घरात ते साठतं. पंधरा वर्षं मी हे लोकांना समजावतेय. पण आजपर्यंत एकही माणूस माझ्यासमोर येऊन म्हणाला नाही की, ते मी सांडलं." तिनं वही मिटली. "ओल्म राहतील. आणि ही चार पानं मला काचेशेजारी लावलेली हवी आहेत. मोठी करून."

तसा बोर्ड लागला. चिमूटभर अन्न, दुपारची उडी, पिवळी नळी, हिरवी नळी. आणि बोर्डापुढे माकडटोपीतले बाबा. मुलांना चिमूट दाखवायचे. "धिस मच! ओन्ली धिस मच!" मुलं आ वासून ऐकायची. डेल म्हणायचा, दहा वर्षांत आमचा इतका चांगला डिस्प्ले झाला नाही.

त्या शुक्रवारी रात्री मायाला आमच्याकडे जेवायला बोलावलं होतं. बाबा दुपारपासून स्वयंपाकघरात. पाटवडीचा रस्सा, पोळ्या, भात, शेवयांची खीर. माया पहिलं वाढलेलं सगळं आवडीनं जेवली. बाबांनी खिरीचं पातेलं पुढे केलं.

"मोअर?"

"नो, थँक यू."

माझा जीव मुठीत. आता सुरू होणार, मी मनात म्हटलं. बोटांच्या फटीतून खीर काही सोडता येत नाही, पण बाबांचा भरवसा नव्हता. पण बाबांनी मान हलवली आणि पातेलं मागे घेतलं. पाटवडीचं तेच. पोळीचं तेच. एकदा विचारलं, नको म्हटलं, विषय संपला. मला उगीचच वाईट वाटलं. आयुष्यभराचा माणूस एका टाकीनं बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझियमच्या पँट्रीत माया भेटली. तिच्यापुढे तीन डोनट होते आणि चौथा हातात.

"ब्रेकफास्ट नाही झाला?"

"डिनर नाही झालं," ती म्हणाली. "तुझे सासरे फार विचित्र आहेत. त्यांनी एकदाच विचारलं!"

"मग तू नको म्हणालीस."

"अर्थात! माझ्या आजीच्या घरी पहिलं 'नको' म्हणजे मॅनर्स. दुसरं पण मॅनर्स. तिसऱ्यांदा विचारल्यावर ताट पुढे करायचं. मी ती खीर रात्रभर आठवत होते!"

मी घरी फोन लावला आणि बाबांना सांगितलं. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "अरेरेरे. पोरगी उपाशी झोपली." आणि फोन आपटला गेला.

रविवारी मायाला सोडायला एअरपोर्टवर गेलो, तेव्हा बाबांच्या हातात पाच पुडांचा डबा होता. पाटवड्या, पोळ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात खीर. बाबांनी डबा पुढे केला.

"नो, थँक यू," माया म्हणाली. डोळे हसत होते.

"वन," बाबा म्हणाले. पुन्हा पुढे केला.

"नो, नो."

"टू." त्यांनी पुन्हा पुढे केला, आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "थ्री!"

मायानं डबा घेतला, छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं बाबांना मिठी मारली. बाबा ताठ उभे राहिले, सावधानमध्ये. त्यांना मिठ्यांची सवय नव्हती.

पाचही ओल्म सहा महिने पूर्ण करून सुखरूप परत गेले. माझी नोकरी राहिली. मिस लॉरेटाकडे मी खिरीचा डबा घेऊन गेले. ती नको म्हणाली नाही, पहिल्यांदा विचारल्यावरच घेतला.

या धंद्यात मी पुढे पंचवीस वर्षं काढली आणि त्यातून एक गोष्ट शिकले. पाण्याला एकदा विचारलं की ते खरं सांगतं. माणसाला तीनदा विचारावं लागतं.